एक्केचाळीस नव्हे, चाळीस वाचावे

रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. निर्मला फुई,

तुझ्या दोन्ही पायांना वेगवेगळा नमस्कार. (मागच्या पत्रातला नमस्कार घाईत लिहिल्यामुळे एकाच पायाला पोचला, असं तू कळवलं होतंस. दुसऱ्या पायाचा राहिलेला यात धरावा.) फुवाजींचा गुडघा कसा आहे? ब्राह्मणपुरीला सकाळची थंडी पडायला लागली असेल, तेव्हा त्यांनी पहाटे पाणी द्यायला स्वतः जाऊ नये, असं माझ्या नावावर सांग. तुझी वहिनी, म्हणजे आई, बरी आहे. मी बरी आहे, म्हणजे जेवते, आणि झोपही लागते, फक्त मध्येच कुणीतरी नाव पुकारल्यासारखं वाटून उठून बसते.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की संगणकावर काम सुरू झाल्यापासून आमच्या कोर्टातली एक्केचाळीस जुनी प्रकरणं सहा महिन्यांत निकाली निघाली. ते एक्केचाळीस नव्हे, चाळीस वाचावं. तू ते पत्र फुवाजींना मोठ्याने वाचून दाखवलं असशील, फुवाजींनी शेजारच्या हेमकांतकाकांना सांगितलं असेल, आणि हेमकांतकाकांनी डेअरीवर दूध घालताना. तेव्हा कृपया त्याच क्रमाने डेअरीपर्यंत एक कमी करत जावं.

तू म्हणशील, एका आकड्यासाठी कुणी एवढं पत्र लिहितं का? पण तो एक आकडा म्हणजे एक बाई आहे, आणि तिची शेतात जायची वाट आहे, हे ओघाने येईलच. आधी खुशाली, मग खरं, हा क्रम तूच शिकवलास. खुशाली झाली. आता खऱ्याकडे जाताना वाटेत थोडं इकडेतिकडे होईल, ते सांभाळून घे. सरळ गेले तर दहा ओळींत पोचेन, आणि दहा ओळींत पोचायचा मला धीर नाही.

चाळीस मात्र खरे आहेत, हे नोंदवून ठेवते, संगणकावर उगाच आळ नको. पूर्वी दाव्याची पुढची तारीख कळायची म्हणजे माणसाने डोंगर उतरून यायचं, बाकावर बसायचं, साहेब रजेवर आहेत हे ऐकायचं आणि परत डोंगर चढायचा. अशी एकेक तारीख करत दावे म्हातारे झाले. आता ते सगळे गठ्ठे लाल फडक्यातून सुटून माझ्या खोलीत येतात. मी एकेक कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवते, झाकण लावते, आणि खालून उजेडाची एक पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जाते. दिवसातून आठशे वेळा. फुई, रोज आठशे वेळा पहाट होते. त्या उजेडात कुणाची एकोणीसशे शहाण्णवची सही दिसते, कुणाच्या अंगठ्याचा निळा ठसा, कुणाच्या चहाचा गोल डाग. कधी कधी मला वाटतं, ही सगळी माणसं काचेखाली झोपलेली आहेत आणि मी त्यांच्यावरून कंदील फिरवून बघते आहे, अजून कोण जागं आहे. (असं वाटायला लागलं की दोन पानं एकदम जातात, आणि सगळा गठ्ठा पहिल्यापासून करावा लागतो.)

एका गठ्ठ्यात सदतीस आणि अडतीस या पानांच्या मध्ये कडुनिंबाचं एक पान निघालं. कसर लागू नये म्हणून कुणीतरी वीस वर्षांपूर्वी ठेवलेलं, वाळून नुसती जाळी राहिलेलं. ते काढून टाकायचा मला अधिकार आहे की नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी ते काचेवर ठेवलं, त्याचीही पहाट केली, आणि यादीत 'कडुनिंबाचे पान एक, मजकूर नाही' अशी नोंद घेतली. भरतभाऊ (आमचे सहायक अधीक्षक, मायाळू माणूस, पण माझ्या टेबलाजवळून जाताना हल्ली ते जरा वळसा घेऊन जातात) दोन दिवस त्या नोंदीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, ताई, दावा बांधावरच्या कडुनिंबाचाच आहे, आता समोरचा वकील हे पान पुराव्यात वाचा म्हणेल. आणि तो म्हणालाही. पण साहेब हसले, दोन्ही पक्षही हसले, आणि हसता हसता त्या दिवशी त्यांची तडजोड झाली. चाळिसांतला तो एक. त्यामुळे माझ्या काटेकोरपणाने नुकसानच होतं असं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणखी एक सांगते, मग वळते. एक साक्षीदार नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर कामाला होता. त्याच्या साक्षीसाठी दावा सहा वर्षं थांबलेला. या वेळी त्याला फोनवरून पडद्यावर आणलं. साहेबांनी शपथ सांगायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या मागे दोन-तीन हजार कोंबड्या होत्या, आणि त्यांनीही सांगायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, जरा शांत जागी जा. तो फोन हातात धरून निघाला. शेडमधून बाहेर, विहिरीवर मोटर चालू, म्हणून पुढे. रस्त्यावर ट्रक, म्हणून शेतातून. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. त्याची पावलं, गवत, मध्येच आभाळ, एक बकरी, ऊस, परत आभाळ. दहा मिनिटं असंच. कोर्टात इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. साहेबही हनुवटीवर हात ठेवून त्याच्याबरोबर चालत होते. शेवटी तो एका झाडाखाली थांबला आणि त्याने चार वाक्यांत सगळी साक्ष दिली. तेवढ्यासाठी सहा वर्षं. तो दावाही निकाली. म्हणून म्हणते, चाळीस खरे आहेत.

आता वळते. प्रत्येक प्रकरण संगणकात चढवताना पक्षकाराचा मोबाइल नंबर लिहायचा एक रकाना असतो. त्याच्या डोक्यावर लाल चांदणी. तो भरल्याशिवाय संगणक पुढच्या पानावर जाऊ देत नाही. डोंगरातल्या बासष्ट प्रकरणांत लोकांकडे फोनच नव्हते, किंवा होते तर तिथे रेंज नव्हती. माझ्या आधी या जागेवर असलेल्या मुलाने अशा ठिकाणी दहा वेळा नऊ लिहिलं होतं, आणि मलाही तसंच करायला सांगून तो गेला. मी तो नंबर लिहायला बोट उचललं आणि मला तू दिसलीस.

तुला आठवतं ना? नऊ वर्षांची होईपर्यंत मी डोंगरातल्या वरच्या गावात, फुवाजींची नोकरी होती तिथे, तुमच्याकडे होते. तिथली शाळा उघडायला गुरुजी यावे लागत, आणि गुरुजी यायला रस्ता कोरडा लागे, म्हणून तू मला घरीच शिकवलंस. फुवाजींच्या टपाल कार्यालयातले जुने कोरे फॉर्म हीच माझी पाटी. 'पाठवणाऱ्याचे नाव' यावरून मी 'न' शिकले, 'पोचपावती' यावरून 'प'. आणि तुझे दोन नियम. रकाना रिकामा सोडायचा नाही. आणि रकान्यात खोटं लिहायचं नाही. मी एकदा माझ्या पत्त्याच्या जागी 'राजवाडा' लिहिलं होतं, तर तू मला तो फॉर्म खोडून परत भरायला लावलास आणि राजवाड्याच्या ऐवजी 'टपाल कार्यालयामागे, म्हशीच्या गोठ्याजवळ' असं लिहून घेतलंस.

तेव्हा दहा वेळा नऊ हे खोटं. रिकामं सोडायचं नाही. उरला एकच खरा नंबर जो मला पाठ होता. मी माझा लिहिला.

बासष्ट प्रकरणांत, फुई. काहींत वादीच्याही पुढे आणि प्रतिवादीच्याही पुढे.

(मी तुला दोष देत नाही. पण नियम दोन होते आणि तिसरा हवा होता, एवढं मात्र खरं.)

मग संदेश यायला लागले. संध्याकाळी मी भाकरी थापत असताना फोन ओट्यावर थरथरायला लागतो. अमुक विरुद्ध तमुक, पुढील तारीख अमुक. कधी एकामागून एक नऊ-नऊ. अंधार पडायच्या वेळी समोरच्या डोंगरावर एकेका पाड्यात दिवे लागतात ना, तसे. मला वाटायचं, वर एक दिवा लागतो आणि खाली माझ्या ओट्यावर एक. आईला मात्र काही वेगळंच वाटलं. तिने आठ दिवस पाळत ठेवली, आणि एक दिवस पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "कोन शे हाऊ नवलसिंग? रोज याद करस." मी म्हटलं, प्रतिवादी आहे. आईने पिठाचा गोळा उलटून आणखी एकदा मळला आणि विचारलं, नोकरी तरी पक्की आहे का त्याची?

संदेश माझ्या फोनवर आला म्हणजे तो त्या माणसाला पोचला असं होत नाही, हे मला कळत होतं. पत्र पेटीत पडलं म्हणजे पोचलं नव्हे, पोचपावती परत आली म्हणजे पोचलं, असं फुवाजी म्हणायचे. म्हणून मी एक वही केली. प्रत्येक संदेश वहीत उतरवायचा आणि मंगळवारी बाजारात जाऊन ज्याचा त्याला सांगायचा. वरचे लोक मंगळवारी खाली येतातच. बांगड्या विकणारी रेवाबाई त्यांच्या बोलीत बोलते आणि बाजारातली प्रत्येक बाई तिच्याकडे हात पुढे करते, म्हणून मी तिच्या पाटीशेजारी बसायला लागले. एका हातात ती बांगडी चढवायची आणि तेवढ्यात मी तारीख सांगायची. हात धरलेला असल्यामुळे बाई ऐकून घेते. तारीख अर्थात कॅलेंडराने सांगून उपयोग नाही. आजपासून तिसरा बाजार, त्याच्या दुसऱ्या दिवशी, अशी. सगळा पावसाळा हे काम इतकं सुरळीत चाललं की एका दुपारी तिथेच, बांगड्यांच्या किणकिणाटात, मला वाटून गेलं, आपण कोर्टात नाही, फुवाजींच्याच टपाल कार्यालयात नोकरीला लागलो आहोत.

आता ती बाई. रूपलीबाई. वयाने तुझ्याएवढ्या असतील. त्यांचं शेत नाल्यापलीकडे आहे आणि तिथे जायची वाट त्यांच्याच पाड्यातल्या नवलसिंगच्या शेतातून जाते. (आईचा नवलसिंग तो हाच. वय पासष्ट.) नऊ वर्षांपूर्वी त्याने बोरीचे काटे टाकून वाट बंद केली. तेव्हा रूपलीबाईंनी दावा लावला आणि कोर्टाने हुकूम दिला की दावा संपेपर्यंत वाट मोकळी ठेवायची. त्यांचे वकील मागे गाव सोडून गेले, तेव्हापासून त्या एकट्याच येतात, बाकावर बसतात, तारीख घेतात आणि चढतात. सप्टेंबरात साहेब प्रशिक्षणाला गेले म्हणून त्यांची तारीख बदलली आणि माझ्या ओट्यावर थरथरली. गुरुवार, वीस नोव्हेंबर. तेव्हापासून मोजायचे तर दहा बाजार होत होते. दहा बाजार कोण लक्षात ठेवणार? मी विचार केला, सोपं करून सांगू. आणि रेवाबाईकडून रूपलीबाईंना सांगितलं, नवलसिंगलाही तेच सांगितलं, की दिवाळीनंतरचा चौथा बाजार झाला की दोन दिवसांनी, गुरुवारी. दोघांनी मान हलवली. मी वहीत बरोबरची खूण केली. पोचपावती मिळाली असं मी समजले.

वीस तारखेला सकाळी शिपाईमामांनी पुकारा केला. मी आत काचेवर कागद लावत होते. रूपलीबाईंचं नाव तीन वेळा, नवलसिंगचं तीन वेळा. खिडकीतून बघितलं तर बाक रिकामा. जेवणानंतर पुन्हा तीन-तीन. मला अजून त्या बारा हाका ऐकू येतात. मधल्या सुट्टीत मी रस्त्यापर्यंत जाऊन आले, गाडी उशिरा आली असेल म्हणून. चार वाजता साहेबांनी दोन्ही पक्ष गैरहजर म्हणून दावा काढून टाकला. संध्याकाळी ओट्यावर दोन संदेश आले. आपले प्रकरण निकाली निघाले आहे. एक वादीला, एक प्रतिवादीला, दोन्ही मला. एका दाव्यात दोन्हीकडून हरलेली मी पहिलीच असेन.

हा तो एक्केचाळिसावा.

पंचवीस तारखेच्या मंगळवारी मी बाजारात गेले तर रूपलीबाई रेवाबाईशेजारी बसलेल्या. पुढ्यात तुरीच्या हिरव्या शेंगांची टोपली. माझ्याकडे बघून छान हसल्या आणि माझ्या ओंजळीत मावतील तेवढ्या शेंगा घातल्या. मी रेवाबाईला म्हटलं, त्यांना विचार, गुरुवारी का आल्या नाहीत. दोघी बोलल्या. मग रेवाबाईने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती बांगडीचं माप चुकलेल्या गिऱ्हाइकाकडे बघते. "तिना पाडामा अजून दिवाळी लागनीच नही, ताई. तू कोन्ती दिवाळी धरी बठनी?"

फुई, मी शेंगा हातात घेऊन उभी राहिले आणि मला सगळं दिसलं. वरच्या गावचं आपलं अंगण. तुझ्या हाताला धरून मी एका पाड्याच्या दिवाळीला गेले होते, मग पंधरा दिवसांनी दुसऱ्या पाड्याच्या, मग पौषातल्या थंडीत नाल्यापलीकडच्या पाड्याच्या. ज्या गावाचे जाणते जेव्हा ठरवतील तेव्हा त्या गावाची दिवाळी. एकाची संपली की पाव्हणे उठून दुसऱ्याच्या दिवाळीला. डोंगरावरून दिवाळी अशी पायी पायी फिरायची, आणि एका हिवाळ्यात मी तीन दिवाळ्या खाऊन आजारी पडले होते. हे मला ठाऊक होतं. मी विसरले कशी? तर त्याचंही उत्तर तिथेच बाजारात सापडलं. खाली आल्यावर चौथीत मला 'माझा आवडता सण' लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'दिवाळी वर्षातून तीनदा येते.' बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'एकदाच.' मी इतकी घाबरले की त्याच दिवशी बाकीच्या दोन दिवाळ्या मनातून काढून टाकल्या. तू शिकवलेलं खरं होतं, आणि मी त्या रेघेवर विश्वास ठेवला.

त्या पाड्याची दिवाळी यंदा जानेवारीत आहे. त्यानंतरचा चौथा बाजार फेब्रुवारीत पडेल. रूपलीबाईंनी मला दिवाळीला बोलावलं आहे आणि सांगितलं आहे की मग चौथ्या बाजारानंतर कोर्टात भेटूच.

मी त्यांना त्या दिवशी काही बोलले नाही. दोन डिसेंबरच्या मंगळवारी सांगायचं पक्कं करून गेले, आणि समोर बसल्यावर धीर होईना, म्हणून हात पुढे करून डझनभर हिरव्या बांगड्या भरून आले. (आईला आता खात्रीच पटली आहे.)

आणि फुई, इथे एक गोष्ट आहे, जी मी कुणाला बोलले नाही. ती वाट अजून मोकळी आहे. दावा संपला हे नवलसिंगलाही ठाऊक नाही, कारण त्याचा संदेशही माझ्याकडेच आला. तो फेब्रुवारीची वाट बघतो आहे. म्हणजे संगणकात दावा मेला आहे आणि डोंगरावर जिवंत आहे. रोज सकाळी रूपलीबाई त्या वाटेने जातात, तूर बघतात, संध्याकाळी येतात, आणि नवलसिंग बांधावर बसून, कोर्टाचा हुकूम आहे म्हणून, त्यांच्याकडे बघत विडी ओढतो. तो हुकूम आता जगात कुठेच नाही, फक्त त्या दोघांच्या मनात आहे. काचेवर कागद लावताना मला वाटतं, असं राहिलं तर काय बिघडेल? कुणी काही बोललं नाही तर ती वाट अशीच, नुसत्या समजुतीवर, वर्षानुवर्षं चालू राहील. त्या पट्टीच्या उजेडात मी ती वाट किती वेळा चालून आले. फार सुंदर दिसते.

पण मग मी तारखा मोजते. काढून टाकलेला दावा परत उभा करायचा अर्ज तीस दिवसांत द्यावा लागतो. वीस डिसेंबरला तीस दिवस भरतात. फेब्रुवारीत रूपलीबाई कोर्टात येतील, बाकावर बसतील, आणि त्यांना कुणी पुकारणार नाही. त्या दिवशी नवलसिंगलाही कळेल आणि दुसऱ्या दिवशी बोरीचे काटे पडतील. समजुतीवर चाललेल्या वाटेला पुढे कागद लागतो, हे कागदाचंच काम करणाऱ्या मला तरी कळायला हवं.

भरतभाऊंना मी आडून विचारलं. ते म्हणाले, सोपं आहे, अर्जात 'वादी आजारी होती' लिहायचं, सगळे तेच लिहितात, साहेब परत घेतात. मी म्हटलं, पण त्या आजारी नव्हत्या, शेंगा तोडत होत्या. भरतभाऊ म्हणाले, मग कारण काय लिहिणार? कारण मी आहे, फुई. अर्जासोबत माझं प्रतिज्ञापत्र लागेल, की नोंदीतला नंबर पक्षकारांचा नसून माझा आहे, आणि दिवाळी धरायला मी चुकले. माझी नोकरी कंत्राटी आहे. ते वाचून साहेब काय करतील, ते मला ठाऊक नाही. त्यातून एकोणीस तारखेला वर्षअखेरीचा कार्यक्रम आहे. त्यात जुनी प्रकरणं निकाली काढायला मदत केल्याबद्दल मला गुलाबाचं फूल आणि प्रशस्तिपत्र आहे. प्रशस्तिपत्र छापून आलंय. त्यावर एक्केचाळीस आहे. मी भरतभाऊंना म्हटलं, तेवढं चाळीस करता येईल का? ते पुन्हा वळसा घेऊन गेले.

एकसष्ट प्रकरणांच्या पुढच्या तारखा मी नुसते बाजार मोजून परत कळवल्या आहेत, कुठलाही सण न धरता, आणि समोरच्याकडून परत वदवून घेऊन. रूपलीबाईंना मी लवकरच खरं सांगणार आहे. साहेबांपुढेही लवकरच प्रतिज्ञापत्र ठेवणार आहे. तेव्हा काळजी नसावी. पत्र केवळ आकड्याच्या दुरुस्तीसाठी लिहिलं होतं, ती झाली.

फुवाजींना नमस्कार, हेमकांतकाकांना नमस्कार, डेअरीवर जे कोणी असतील त्यांना चाळीस.

तुझी
चारुलता

ता. क. फुवाजींच्या गुडघ्यासाठी मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली रेवाबाईकडून आणून ठेवली आहे. पार्सलात फुटेल म्हणून पाठवत नाही. तू येशील तेव्हा घेऊन जा.

ता. क. २. 'तू येशील तेव्हा' हे चुकून लिहिलेलं नाही. मला त्यांची बोली अजून थोडीफार समजते, पण बोलायला गेले की नऊ वर्षांच्या मुलीएवढीच येते, आणि त्या वयात मला 'माझी चूक झाली' म्हणायची वेळ क्वचितच आली होती. रेवाबाईला नेलं असतं, पण ती कडू गोष्ट गोड करून सांगते. कोर्टात बारीकशी गडबड आहे म्हणेल आणि वर दोन बांगड्या चढवील. तू वरच्या गावात लोकांची पत्रं वाचून दाखवायचीस. कुणाचं कसलंही पत्र आलं तरी तू त्यातला एक शब्द बदलला नाहीस, आणि वाचून झाल्यावर निघूनही गेली नाहीस, तिथेच बसून राहायचीस. तसं करायला ये. मी सांगेन तेच सांग, पदरची साखर घालू नकोस. आधी रूपलीबाईंना, मग नवलसिंगला, शब्द सारखेच, जमलं तर एकाच अंगणात. तो काटे टाकणार असेल तर मग आपल्यासमोर टाकील.

ता. क. ३. अर्जात पुन्हा तोच मोबाइल नंबरचा रकाना आहे, लाल चांदणीसकट. मी तिथे फुवाजींचा नंबर लिहिला आहे. तारीख आली की त्यांनी ती पोस्टकार्डावर उतरवून वर पाठवावी आणि पोचल्याचं उत्तर मागवावं. हे काम त्यांनी पस्तीस वर्षं केलंच आहे. विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर नाही, म्हणून सध्या पेन्सिलीने लिहिलाय. ते हो म्हणाले की शाईने.

ता. क. ४. आत्ता पत्र परत वाचलं तर वर दोन ठिकाणी मी 'लवकरच' लिहिलेलं सापडलं. मी लहानपणी अभ्यास लवकर करते म्हटलं की तू विचारायचीस, "लवकर म्हंजे कोन्ता वार?" तेव्हा दुरुस्ती. पहिल्या ठिकाणी 'शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी सहाची एसटी' असं वाचावं. तो दुसरा शनिवार आहे, कोर्टाला सुट्टी असते, म्हणजे रजा मागताना मला खोटं कारण द्यावं लागणार नाही. तू शुक्रवारी मुक्कामालाच ये. आणि दुसऱ्या ठिकाणी 'सोमवार, १५ डिसेंबर २०२५, सकाळी साडेदहा' असं वाचावं.